पाणवठ्यांची उतरंड

नदीकाठच्या गावाचा इतिहास लिहावयास बसलेला मनुष्य प्रथम देवळाकडे जातो. देऊळ कोणी बांधले, घाट कोणी बांधला, वाड्याची सनद कोणत्या साली मिळाली, हे तो शोधून काढतो. गावात पाणी कोठून आले, हेही क्वचित लिहिले जाते. कारण तलाव, बारव, पाट यांच्यावर शिलालेख असतात आणि दात्याचे नाव असते. परंतु वापरलेले पाणी गावाबाहेर कोठे गेले, याची नोंद कोणत्याही बखरीत नाही. गटारावर कोणी शिलालेख कोरीत नाही. वस्तुतः गावातील माणसांचे एकमेकांशी नाते कसे होते, हे देवळापेक्षा या सांडपाण्याच्या वाटेवरून अधिक खरे समजते.

कृष्णा, भीमा, गोदावरी यांच्या काठचे कोणतेही जुने गाव घ्या. नदीवर गावाचा जो भाग येतो त्यात एक ठरलेला क्रम दिसतो. प्रवाहाच्या वरच्या अंगाला पिण्याचे पाणी भरण्याचा पाणवठा. त्याखाली स्नानाचा घाट. त्याखाली धुणी धुण्याचे खडक, त्याखाली गुरे पाण्यावर घालण्याचा उतार आणि अगदी शेवटी स्मशान. हा क्रम कोणी शास्त्रज्ञाने आखून दिलेला नव्हता. वाहते पाणी वरून खाली येते आणि आपल्याबरोबर वरची घाण घेऊन येते, एवढे साधे ज्ञान त्यामागे होते, आणि ते ज्ञान खरे होते.

परंतु या क्रमाला एक दुसरी बाजू होती. माणसांचेही पाणवठे याच क्रमाने लागलेले होते. वरच्या पाणवठ्यावर कोणी उतरावयाचे आणि खालच्यावर कोणी, हे जातीने ठरत असे. महारवाडा, मांगवाडा बहुधा गावाच्या खालच्या अंगाला. त्यांचे पाणीही खालचे. वरच्या घाटावर आंघोळ झाली, धुणे झाले, गुरे धुतली गेली, की ते पाणी या वस्तीच्या घागरीत यावयाचे. घरात जशी मडक्यांची उतरंड असते, तशी ही पाणवठ्यांची उतरंड होती. खालच्या मडक्यावर सर्वांचा भार. गावाला नदीची गती कळलेली होती. त्या ज्ञानाचा उपयोग मात्र गावाने अर्ध्या माणसांपुरताच केला.

याचे विलक्षण प्रत्यंतर महाडला आले. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो लोक चवदार तळ्यावर गेले आणि तेथील पाणी प्याले. त्यानंतर सनातनी मंडळींनी ते तळे 'शुद्ध' करून घेतले. कशाने? एकशेआठ घागरी पंचगव्याने. म्हणजे त्यात शेण आणि गोमूत्र घालून. या एका प्रसंगात आपल्या पाण्याच्या इतिहासाची सारी गोम सापडते. आपल्या भाषेत 'शुद्ध' हा एक शब्द आहे आणि 'स्वच्छ' हा दुसरा. परंतु आपण पहिल्याची काळजी इतकी वाहिली, की दुसऱ्याकडे पाहण्याचे भान राहिले नाही. माणसाच्या स्पर्शाने पाणी बाटते, असे मानणाऱ्या समाजाला माणसाच्या मैल्याने ते नासते, हे मात्र फारसे जाणवले नाही. त्या तळ्याचा दावा पुढे दहा वर्षे चालला आणि १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयात त्याचा निकाल अस्पृश्य मानलेल्यांच्या बाजूने लागला.

तरीही जुनी नदी पुष्कळ अंशी निर्मळ राहिली, हे खरे आहे. त्याचे कारण आपले पुण्य नव्हे. त्याचे कारण डोक्यावरची घागर. पाणी जेव्हा बायकांच्या डोक्या-कमरेवरून घरी येते तेव्हा ते जपून वापरले जाते. दोन-चार घागरींत घरातील स्वयंपाक, पिणे, भांडी सारे उरकावयाचे. मोरीतून जे थोडके पाणी बाहेर पडे ते परसातल्या अळवाला आणि केळीला जाई. मैला शेतात पडे किंवा खड्ड्यात मुरे. नदीपर्यंत पोहोचण्याइतके सांडपाणी गावाजवळ नव्हतेच. शिवाय नदीला स्वतःचे एक सामर्थ्य असते. वाहत्या पाण्यात हवेतील प्राणवायू विरघळतो आणि त्या प्राणवायूवर जगणारे सूक्ष्म जीव घाणीचे विघटन करतात. १८९६ साली आग्र्याच्या हँकिन या शास्त्रज्ञाने गंगा-यमुनेच्या पाण्यात पटकीचे जंतू मरतात, असे प्रसिद्ध केले, तेव्हा आपल्याकडील पुष्कळांना धर्माला शास्त्राची साक्ष मिळाल्यासारखे वाटले.

परंतु साक्ष अर्धीच होती. ज्या नद्यांचे गुण गायिले जात होते त्यांच्याच काठी पटकी दर काही वर्षांनी माणसे कापून नेत होती. मरीआईचा गाडा एका गावाच्या शिवेवरून दुसऱ्या गावाच्या शिवेवर नेऊन सोडावयाचा, हा आपला जुना उपाय. त्या रूढीत एक भेदक सत्य दडलेले आहे. आपली पीडा दुसऱ्याच्या हद्दीत ढकलून दिली, की आपण मोकळे झालो, असे गावाला वाटे. पुढे गाड्याची जागा नाल्याने घेतली. वृत्ती तीच राहिली.

पटकी पाण्यातून येते, हे प्रथम सिद्ध झाले ते लंडनमध्ये, आणि तेही वरच्या व खालच्या पाण्याच्या भेदातूनच. १८५४ च्या साथीत डॉ. जॉन स्नो यांनी दक्षिण लंडनमधील घरे दारोदार फिरून तपासली. एकाच वस्तीत दोन कंपन्यांचे नळ होते. लँबेथ कंपनीने १८५२ साली आपली पाणी उचलण्याची जागा थेम्स नदीवर शहराच्या वर नेली होती. साउथवर्क आणि व्हॉक्झॉल ही कंपनी मात्र शहराची गटारे जेथे मिळत तेथूनच पाणी घेत होती. साथीच्या पहिल्या सात आठवड्यांत दर दहा हजार घरांमागे साउथवर्कच्या ग्राहकांत ३१५ मृत्यू झाले आणि लँबेथच्या ग्राहकांत ३७. शेजारशेजारची घरे, तीच हवा, तेच हवामान. फरक फक्त पाणी कोठून उचलले याचा. तीस वर्षांनी, १८८४ साली, रॉबर्ट कॉख यांना कलकत्त्याच्या एका तळ्याच्या पाण्यात पटकीचा जंतू सापडला आणि वाद संपावयास हवा होता.

युरोपने मात्र त्याआधीच आरोपी ठरविला होता. १८६६ साली कॉन्स्टँटिनोपल येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत पटकीच्या प्रसाराचे खापर पुष्कळसे भारतातील तीर्थयात्रांवर फोडण्यात आले. तेव्हापासून इंग्रज सरकारची नजर पंढरपूरसारख्या क्षेत्रांवर बसली. यात्रेकरूंवर कर बसला, तपासण्या सुरू झाल्या, यात्रा बंद करण्याच्या गोष्टी निघाल्या. वारकऱ्याला दोष देणे सोपे होते. वारकऱ्याला स्वच्छ पाणी आणि संडास देणे खर्चाचे होते. खेड्यांसाठी मुंबई इलाख्यात १८८९ साली ग्रामस्वच्छतेचा कायदा झाला. त्या सुमारास फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी पुण्याच्या सार्वजनिक सभेशी या विषयावर पत्रव्यवहार केला होता. क्रिमियाच्या रुग्णशुश्रूषेमुळे आपण त्यांना ओळखतो. परंतु त्यांच्या उतारवयातील पुष्कळशी चिंता भारतातील खेड्यांच्या पाण्याची आणि उकिरड्यांची होती. कायदा झाला, पण त्याला पैशाचे बळ मिळाले नाही. आपल्या पाण्याच्या इतिहासात हे वाक्य पुनःपुन्हा लिहावे लागते.

यानंतर आला नळ. नळाने केलेले उपकार विसरणे कृतघ्नपणाचे होईल. बायकांच्या मानेवरचा भार त्याने उतरविला. पायऱ्यांच्या विहिरीत उतरून पाणी भरण्यातून होणारा नारू या देशातून गेला. १९९६ साली त्याचा शेवटचा रोगी सापडला आणि २००० साली देश नारूमुक्त ठरला. परंतु नळाबरोबर एक हिशेब आला, आणि तो मांडावयास कोणी बसले नाही.

तो हिशेब अगदी मराठी चौथीच्या मुलाला येण्यासारखा आहे. शहराच्या पाणीयोजनेत गटारांची सोय असेल तर माणशी रोजचे १३५ लिटर पाणी धरतात. त्यातले सुमारे ८० टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडते. म्हणजे एक लाख वस्तीच्या गावातून रोज एक कोटी आठ लाख लिटर, आणि दहा हजार वस्तीच्या गावातून दहा लाख ऐंशी हजार लिटर मैलापाणी निघावयास हवे. परसातल्या अळवाने आणि केळीने एवढे पाणी कसे प्यावे? गावात परसही राहिले नाही. पाणी उताराने चालू लागले. घराच्या मोरीतून उघड्या गटारात, गटारातून ओढ्यात, ओढ्यातून नदीत. ज्या ओढ्यांना पूर्वी नावे होती आणि ज्यांच्या काठी म्हसोबा बसले होते, ते एका पिढीत 'नाला' झाले.

आम्ही शाळेत मुलांना जलचक्राचे चित्र काढावयास लावतो. समुद्र, वाफ, ढग, डोंगर, पाऊस, नदी, पुन्हा समुद्र. चित्र सुंदर असते. मुले त्यात निळा रंग भरतात. त्या चित्रात नळ नसतो आणि गटारही नसते. या देशातील पाण्याचा कारभार पाहणाऱ्या माणसांनी तेच चित्र डोळ्यांपुढे ठेवले असावे, असे कधीकधी वाटते.

नदीवर या पाण्याचा परिणाम काय होतो, तेही हिशेबानेच पाहू. आपल्या हवामानात स्वच्छ पाण्याच्या एका लिटरमध्ये सात-आठ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळलेला असतो. मासे आणि नदीतील सारे जीव त्यावर जगतात. मैलापाण्यातील घाणीचे विघटन होण्यास लिटरमागे दोनशे ते तीनशे मिलिग्रॅम प्राणवायू लागतो. म्हणजे एक लिटर मैलापाणी नदीच्या तीस-पस्तीस लिटर पाण्यातील सारा प्राणवायू खाऊन टाकू शकते. प्राणवायू संपला, की त्याशिवाय जगणारे दुसरे जंतू कामाला लागतात. पाणी काळे पडते आणि त्याला कुजक्या अंड्यासारखा वास येऊ लागतो. नदी मेली, असे आपण म्हणतो ते अलंकारिक नव्हे. तिचा श्वास खरोखरच कोंडलेला असतो.

हे पाणी स्वच्छ करण्याची विद्या जगाला माहीत नव्हती, असे नाही. १८५८ च्या उन्हाळ्यात थेम्सच्या दुर्गंधीने पार्लमेंटचे काम अवघड झाले तेव्हा जोसेफ बॅझलजेट यांना प्रचंड गटारे बांधण्यास पैसा मिळाला. त्यांनी लंडनची घाण शहराच्या खाली नेऊन सोडली; म्हणजे मरीआईचा गाडा शिवेपार गेला. घाण हलविणे आणि घाण नाहीशी करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे समजण्यास आणखी काही दशके गेली. १८९५ च्या सुमारास एक्झेटर येथे डोनाल्ड कॅमेरॉन यांनी 'सेप्टिक टँक' केला. १९१४ साली मँचेस्टरच्या आर्डर्न आणि लॉकेट या दोघा रसायनशास्त्रज्ञांनी दाखवून दिले, की मैलापाण्यात हवा खेळविली आणि खाली बसणारा जंतुयुक्त गाळ पुन्हापुन्हा वापरला, तर नदीला जे काम करण्यास कित्येक मैल आणि दिवस लागतात ते हौदात काही तासांत होते. आजची बहुतेक मोठी शुद्धीकरण केंद्रे याच शोधावर उभी आहेत.

आपण यात फार मागे होतो, असेही नाही. मुंबईच्या माटुंगा येथील कुष्ठरोग्यांच्या आश्रमात १८९७ साली मैल्यापासून निघणारा वायू जमवून त्यावर दिवे लावण्यात आले होते. समाजाने ज्यांना दूर लोटले त्यांच्या वस्तीत हा प्रयोग व्हावा, यात एक प्रकारचा न्याय आहे. मँचेस्टरच्या शोधामागे ज्यांची प्रेरणा होती ते गिल्बर्ट फौलर १९१६ साली बंगलोरच्या विज्ञानसंस्थेत प्राध्यापक होऊन आले. १९५८ साली नागपूरला सार्वजनिक आरोग्य-अभियांत्रिकीची केंद्रीय संशोधनसंस्था स्थापन झाली. आज ती 'नीरी' या नावाने ओळखली जाते. लहान गावांना परवडतील असे उपायही होते. हॉलंडमधील फूरस्कोटेन या लहान गावासाठी पास्फेर या अभियंत्याने १९५४ साली एक साधा वर्तुळाकार चर खणला आणि त्यात पाणी घुसळत फिरते ठेवले. उथळ तळी करून त्यांत सूर्यप्रकाश आणि शेवाळ यांच्याकडून पाणी स्वच्छ करून घेण्याची रीत तर याहूनही स्वस्त. जागा आणि ऊन यांची आमच्या गावांना वाण नव्हती.

मग अडले कोठे? एक अडचण मापाचीच होती. इंग्लंडमधील राजनियुक्त आयोगाने १९१२ साली मैलापाण्याचे जे प्रसिद्ध माप घालून दिले, म्हणजे वीस प्राणवायूची मागणी आणि तीस गाळ, त्यामागे एक गृहीत होते. हे पाणी ज्या नदीत सोडावयाचे तिच्यात त्याच्या निदान आठपट स्वच्छ पाणी वाहत असले पाहिजे. इंग्लंडच्या नद्या बारमाही. आपल्या सह्याद्रीच्या नद्या चार महिने दुथडी भरून वाहतात आणि आठ महिने डोहांत थांबतात. त्यांवर आपण धरणे बांधली. धरणे आवश्यक होती, दुष्काळी मुलखाला त्यांनी जगविले. परंतु धरणाखालच्या पात्रात उन्हाळ्यात जे वाहते, त्यात आठपट स्वच्छ पाणी कोठून आणावे? पुष्कळ गावांखाली तर वाहणारे सारे पाणी गावाच्या गटाराचेच असते. तेथे मैलापाणी नदीत मिसळत नाही. मैलापाण्यालाच नदी म्हणावे लागते.

दुसरी अडचण मापाची नव्हे, मनाची होती. मैला हा विषय आपण शतकानुशतके एका जातीच्या डोक्यावर ठेवून दिला होता. बादलीचे संडास, मागच्या गल्लीतील छोटे दार, पहाटे येणारी बाई आणि तिच्या डोक्यावरची गळकी पाटी, हे आपल्या नगरपालिकांच्या इतिहासाचे न लिहिलेले पान आहे. १९४९ साली मुंबई सरकारने सफाई कामगारांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी बर्वे समिती नेमली, तेव्हा ते प्रथम सरकारी कागदावर नीट आले. कोकणात अप्पासाहेब पटवर्धनांनी कणकवलीच्या गोपुरीत हे काम स्वतःच्या हातात घेतले. मैल्याचे सोनखत करणारा गोपुरी संडास त्यांनी लोकांपुढे ठेवला. उच्चवर्णीय शिकलेला मनुष्य हे काम करतो, याचे लोकांना नवल वाटले. पण ते नवल फार दूर पसरले नाही. गाडगेबाबांनी हातात खराटा घेऊन कीर्तनाआधी गाव झाडला. गाव कीर्तनाला बसला आणि खराटा बाबांच्याच हातात राहिला. १९५६ साली बाबा गेले.

पाण्याचा संडास आला तेव्हा डोक्यावरची पाटी हळूहळू उतरली. ती उतरली हे फार चांगले झाले. माणसाकडून मैला वाहून घेण्यास बंदी करणारा कायदा १९९३ साली आणि अधिक कडक कायदा २०१३ साली व्हावा लागला, इतकी ती चाल चिवट होती. परंतु पाटीतला मैला गेला कोठे? तो नदीत गेला. आणि जेथे गटारे तुंबली तेथे ती मोकळी करण्यास पुन्हा त्याच जातींतील माणसे खाली उतरली, आणि विषारी वायूने गुदमरून मेली. उतरंड मोडली नाही. तिची मडकी तेवढी बदलली.

कायद्याच्या बाबतीत महाराष्ट्राला मागासलेला म्हणता येणार नाही. पाण्याच्या प्रदूषणाविरुद्ध या राज्याने १९६९ साली, देशाच्या आधी, स्वतंत्र कायदा केला आणि १९७० साली मंडळ स्थापिले. केंद्राचा कायदा १९७४ साली झाला. १९८० साली माळव्यातील रतलामच्या नागरिकांच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगून टाकले, की पैसा नाही ही सबब सांगून नगरपालिकेला गटारांचे कर्तव्य टाळता येणार नाही. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांचा तो निकाल प्रत्येक नगरपालिकेच्या सभागृहात लावून ठेवण्यासारखा आहे. पुढे १९८६ साली गंगा कृती योजना सुरू झाली, १९९५ साली इतर नद्यांसाठी राष्ट्रीय योजना आली. तिच्यात आपल्याकडची कराड, सांगली, नाशिक, नांदेड ही गावे होती.

योजनांत केंद्र बांधण्यास पैसा मिळे. चालविण्याचा भार नगरपालिकेवर. येथेच गाडे रुतले. पंप विजेवर चालतात. विजेचे बिल दरमहा येते. पाण्याचा नळ दोन दिवस बंद राहिला तर बायका घागरी घेऊन कचेरीवर जातात. मैलापाण्याचा पंप दोन महिने बंद राहिला तरी या गावातील कोणाचे काही अडत नाही. अडते ते खालच्या गावाचे, आणि खालच्या गावाला या नगरपालिकेत मत नसते. सांडपाण्याच्या साऱ्या प्रश्नाचे मर्म या एका गोष्टीत आहे. ज्याने खर्च करावयाचा त्याला फळ मिळत नाही आणि ज्याला फळ मिळावयाचे त्याचा आवाज पोहोचत नाही.

परिणाम आकड्यांत दिसतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या गणनेप्रमाणे देशातील शहरांतून रोज ७२,३६८ दशलक्ष लिटर मैलापाणी निघत होते; शुद्धीकरणाची उभारलेली क्षमता ३१,८४१ दशलक्ष लिटर; प्रत्यक्षात शुद्ध होत होते २०,२३६. म्हणजे चार घागरींतील एकीहून थोडे अधिक. ही क्षमताही मुख्यतः मोठ्या शहरांत. २०१८ साली देशातील नद्यांचे ३५१ पट्टे दूषित ठरले, त्यांपैकी ५३ महाराष्ट्रातले. इतके दुसऱ्या कोणत्याही राज्यात नव्हते. आणि हा केवळ वासाचा व रंगाचा प्रश्न नव्हे. पंचगंगाकाठच्या इचलकरंजीत २०१२ च्या उन्हाळ्यात काविळीची साथ आली. हजारो आजारी पडले, कित्येक दगावले. ही काविळ मैल्याने दूषित झालेल्या पाण्यातून येते, आणि गरोदर स्त्रियांना ती विशेष घातक असते. दीडशे वर्षांपूर्वी डॉ. स्नो दक्षिण लंडनमध्ये दारोदार फिरून जे शोधीत होते, त्याहून हे वेगळे नाही.

आता पंढरपूरकडे पाहा. इंद्रायणी देहू-आळंदीवरून येते, पवना चिंचवडवरून. मुळा-मुठा पुण्यातून निघतात. ही सारी पाणी भीमेला मिळतात आणि १९८० साली पुरे झालेल्या उजनीच्या जलाशयात थांबतात. तेथे उन्हाळ्यात पाणी हिरवे होते. तेथून खाली सोडलेले पाणी पंढरीला येते, तेथे ती नदी चंद्राकार वळते आणि तिला आपण चंद्रभागा म्हणतो. देहूहून तुकोबांची आणि आळंदीहून ज्ञानोबांची पालखी निघते ती पंधरा-वीस दिवसांत पंढरपुरी पोहोचते. त्या दोन्ही गावांचे मैलापाणीही त्याच दिशेने निघालेले असते. त्याला पालखी नसते एवढेच. वारकरी चंद्रभागेत बुडी मारून ओंजळभर पाणी तोंडात घेतो, तेव्हा आपल्याच गावाने वर काय सोडले होते हे त्याच्या मनात येत नाही.

स्वतः पंढरपूर एक लाखाच्या आतले गाव. २०११ च्या खानेसुमारीत ते ९८,९२३ होते. आषाढीला त्याच्या कित्येकपट माणसे तेथे उतरतात. त्यांचा मैला कोणी उचलावयाचा, हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला. नदीपलीकडच्या पासष्ट एकरांच्या तळावर वारकऱ्यांसाठी संडास, पाणी, दिवे यांची सोय करण्यात आली. २०१६ साली राज्य सरकारने 'नमामि चंद्रभागा' ही योजना जाहीर केली. मे १९४७ मध्ये साने गुरुजींनी उपोषण केले तेव्हा विठ्ठलाचे दार सर्वांना उघडले. दार उघडले, त्याच्यापुढची नदी मात्र अजून सर्वांना सारखी झालेली नाही. ज्याला जमते तो बाटलीतले पाणी विकत घेतो. ज्याला जमत नाही तो भाविक राहतो.

हा प्रश्न यापुढे लहान गावांचाच होणार आहे. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन योजनेने खेड्यांत घरोघर नळ नेण्याचे ठरविले. माणशी ५५ लिटर. फार चांगली गोष्ट. परंतु दोन हजार वस्तीच्या खेड्यात त्यामुळे रोज एक लाख दहा हजार लिटर पाणी येईल, आणि त्यातले ऐंशी-नव्वद हजार लिटर मोरीतून बाहेर पडेल. शहरांनी पन्नास वर्षांपूर्वी न मांडलेला हिशेब आता खेड्यांच्या दाराशी आला आहे. खेड्यांना एक संधी मात्र शहरांहून अधिक आहे. त्यांच्याजवळ अजून जागा आहे. घराजवळ शोषखड्डा, परसबाग, गावाखाली उथळ तळी आणि त्या पाण्यावर चारा किंवा झाडे, एवढ्याने पुष्कळ भागते. मैलापाण्यात नत्र आणि स्फुरद असते. तेच शेतकरी पोत्यांनी विकत आणतो. नदीत जे विष ठरते ते शेतात खत होते, हे अप्पासाहेब पटवर्धनांनी कणकवलीत सांगून ठेवले आहे.

मोठ्या गावांसाठी एक जुनी सूचना आहे. निरनिराळ्या देशांत निरनिराळ्या लोकांनी ती विनोदाने केलेली आहे. प्रत्येक गावाने आपले पिण्याचे पाणी आपल्याच गटाराच्या तोंडाखालून उचलावे, असा नियम करावा. म्हणजे शुद्धीकरणाचे पंप एक दिवसही बंद पडणार नाहीत. विनोद बाजूला ठेवला तरी त्यातले तत्त्व खरे आहे. आपल्या शब्दांत सांगावयाचे तर प्रत्येक गावाने स्वतःला खालचे गाव समजावे. नदीवर तसे पाहता वरचे असे कोणीच नाही. पुण्याच्या वर कोणीतरी आहे, पंढरपूरच्या खाली सोलापूरकर आहेत, त्यांच्याखाली कर्नाटकातील गावे आहेत, आणि भीमा कृष्णेला मिळाल्यावर तेलंगण आणि आंध्र.

पालिकेच्या निवडणुकीत उमेदवार दारात येतो. तो रस्ता देतो, नळ देतो, देवळापुढे सभामंडप देतो. त्याला एकच प्रश्न विचारावा. गेल्या वर्षी गावाचा मैलापाण्याचा पंप किती दिवस चालला, आणि किती दिवस बंद होता? त्याला हे सांगता येत नसेल, तर त्याला ते शोधून आणावयास सांगावे. उत्तर आपल्या उपयोगाचे नसेलही. पण दहा कोसांवर खाली एक गाव आहे, तेथे या वेळी कोणीतरी घागर भरीत असेल.